गाठकाकू

माळ हातात घेतली की गाठकाकू आधी डोळे मिटून घ्यायच्या. मी ती माळ दुपारभर डोळे फाडफाडून ओवलेली असायची, आणि या बाई तिच्याकडे बघायच्याही नाहीत. मिटल्या डोळ्यांनी त्या उजव्या अंगठ्याचं नख पहिल्या मण्यापासून शेवटच्या मण्यापर्यंत सावकाश फिरवत न्यायच्या. ते नख त्यांनी मुद्दाम वाढवलं होतं आणि ते मोडू नये म्हणून त्या भांडी डाव्या हाताने घासायच्या. नख कुठेतरी जरासं अडायचं. तिथे त्या थांबायच्या, माळ माझ्या मांडीवर टाकायच्या आणि म्हणायच्या, "परत."

बस, एवढंच. कुठे चुकलं, का चुकलं, पुढच्या वेळी काय करायचं, काही नाही. त्या एका शब्दाने माझ्या किती दुपारी खाल्ल्या ते आठवायला गेलं तर आजही माझं डोकं तापतं.

त्यांचं खरं नाव मालतीबाई. आम्ही अंबरनाथ पूर्वेला ज्या इमारतीत राहायचो तिच्या तळमजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथे बसून त्या मंगळसूत्रं गाठवून द्यायच्या, म्हणून इमारतीतल्या पोरांनी त्यांच्या गाठकाकू करून टाकल्या आणि पोरांमागून आम्हीही. सोनार सोन्याच्या वाट्या देतो, काळे मणी देतो, पण ते सगळं कागदाच्या पुडीत सुटंच असतं. ते दोऱ्यात ओवून, जिथल्या तिथे गाठी देऊन बाईच्या गळ्यात घालण्याजोगं करायचं, याला गाठवणं म्हणतात. काकूंचं माहेर पटवेकऱ्यांचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणाऱ्यांचं. उल्हासनगरच्या कॅम्पातला एक सिंधी शेठ त्यांच्याकडे काम पाठवायचा आणि बदलापूरपर्यंतच्या बायका त्यांचं घर शोधत यायच्या.

मी लग्न होऊन अंबरनाथला आले तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीसमोर अख्खी इमारत गोळा व्हायची, ते दिवस होते. आमचे हे एका कारखान्यात सुपरवायझर. सकाळी डबा घेऊन गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि चार भिंती. मला रिकामं बसवत नाही आणि एका जागी टिकवतही नाही. माहेरी शिवणाचा क्लास मी बाह्यांपर्यंत केला होता, कॉलरला सोडला. टायपिंगच्या परीक्षेला बसलेच नाही. पेटी शिकायला गेले आणि मास्तरांशी भांडून आले. आमचे हे चेष्टेने म्हणायचे, की सुमनच्या हातची एक तरी पूर्ण झालेली वस्तू मला दाखवा, मी तिची पूजा करीन. मी हसायचे, पण ते लागायचं. म्हणून गाठकाकूंच्या दारात जाऊन उभी राहिले तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, की हे काम शेवटपर्यंत न्यायचं आणि एक दिवस कुणीतरी चार लोकांत म्हणायला हवं, हे सुमनने केलंय.

काकूंनी मला आत घेतलं, पाट दिला, आणि पहिलं वर्षभर प्लास्टिकचे मणी ओवायला लावले. माझी कल्पना अशी होती की सुईत दोरा घालायचा आणि मणी उचलत जायचं, गप्पा मारता मारता संपेल. पहिल्याच दिवशी कळलं की मण्यांच्या डब्यातला दर दहावा-बारावा मणी आपल्याशी वैर धरून असतो. कुणाचं भोक एका बाजूने मोठं आणि दुसऱ्या बाजूने सुईच्या टोकाएवढं. कुणाच्या भोकाची कड इतकी धारदार की दोरा त्यातून दोनदा गेला की त्याची लव उभी राहते आणि तिसऱ्यांदा तो पिंजलेल्या कापसासारखा होऊन बसतो. काहींना तर भोकच नसायचं. त्यांना काकू आंधळे मणी म्हणायच्या. आंधळा मणी ओळखायला मला पाच मिनिटं लागायची, कारण ती पाच मिनिटं मी चूक माझीच आहे असं समजून सुई खुपसत बसायचे. काकू बघत असायच्या आणि सांगायच्या नाहीत.

दोऱ्याचं तर विचारूच नका. नायलॉनचा दोरा मला आवडायचा, कारण तो सुईत पटकन जातो, पण त्याला गाठ मानवत नाही. मारली की हळूहळू अंग सैल करून ती सुटते, आणि ती सुटल्याचं आपल्याला मणी फरशीवर उड्या मारायला लागले की कळतं. रेशीम गाठ धरतं, पण घामेजल्या बोटांनी काळं पडतं आणि जरा पीळ उतरला की त्याचं वेटोळं होतं. ते वेटोळं सोडवायला गेलं की नको तिथे गाठ बसते, आणि हवी तिथे काही केल्या बसत नाही. मोत्याच्या माळेत दर मोत्यामागे एक गाठ असते. गाठ मारायची आणि ती आवळायच्या आधी सुईच्या टोकाने ढकलत मोत्याच्या अंगाला नेऊन भिडवायची. माझी गाठ मोत्याच्या एक केसभर अलीकडेच आवळली जायची. मग दोन मोत्यांत फट. ती सोडवू म्हटलं तर सुटत नाही, कापू म्हटलं तर अख्खी माळ उतरवावी लागते. अशा एकाच माळेसाठी मी तीन दुपारी रडकुंडीला आलेली आहे.

ही फट पडू नये म्हणून दोरा आधी ताणून घ्यावा लागतो. ते काकांचं खातं. काका म्हणजे काकूंचे यजमान. कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले, बुटके, कमी बोलणारे गृहस्थ. ते रेशमाला मेण चोळायचे, चार पदर एकत्र करायचे आणि खिडकीच्या गजाला बांधून खाली एक जुनं मोठं कुलूप लटकवून ठेवायचे. दोन दिवस ते कुलूप तिथे लोंबत असायचं. दोरा एकदाचा काय लांबायचा तो इथेच लांबू दे, बाईच्या गळ्यात गेल्यावर नको, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी "परत" म्हटलं की काका माझ्यापुढे चहाचा कप ठेवायचे आणि काही न बोलता आत जायचे. त्या घरात माझ्या बाजूचा म्हणून तेवढा एक चहा होता.

दुसऱ्या वर्षी काकूंनी मला खोट्या मोत्यांच्या माळा दिल्या, तिसऱ्या वर्षी शेठकडून येणाऱ्या काळ्या मण्यांच्या साध्या पोती. गिऱ्हाइकाचं खरं मंगळसूत्र मात्र त्या मला शिवू द्यायच्या नाहीत. आणि जे मी करायचे तेही कधी माझं म्हणून घराबाहेर पडलं नाही. एकदा इमारतीतल्याच एका शिक्षिकाबाईंची मोत्याची माळ मी एकटीने गाठवली होती. चार वेळा "परत" झाल्यावर काकूंनी ती पुडीत बांधली. बाई न्यायला आल्या, गळ्याला लावून बघितली आणि म्हणाल्या, काकू, तुमच्या हाताला तोड नाही हो. मी तिथे समोर बसलेली. काकू म्हणाल्या, "दोरा चांगला मिळाला या वेळी." मला वाटलं आता पुढे काहीतरी म्हणतील. पण त्यांनी बाईंना त्यांच्या मुलीच्या परीक्षेचं विचारायला सुरुवात केली.

घरी येऊन मी आमच्या ह्यांच्यापुढे थयथयाट केला. ते म्हणाले, नको तर सोड ना, क्लास सोडलास तसं. त्या एका वाक्याने मी पुढचं वर्षभर सोडलं नाही.

एकदा मी काकूंना सरळ विचारलं, की तुम्ही माझं नाव का घेत नाही. त्या मणी निवडत होत्या. त्यांनी मला त्यांच्या वडलांचं सांगितलं. वडील पटवेकरी, हाताखाली दोन मुलगे आणि ही एक मुलगी. मुलग्यांना शिकवलं, मुलगी बघून बघून शिकली. मुलग्यांपेक्षा तिचा हात बसला तेव्हा वडील अवघड काम रात्रंदिवस तिच्याकडूनच करून घ्यायचे, पण पेढीवर कधी तिचं नाव काढलं नाही. मुलीने गाठवलंय म्हटलं असतं तर त्या गावातली माणसं ते घ्यायलाच तयार झाली नसती. "मग मी सतरा वर्षांची होईपर्यंत अर्ध्या गावाच्या गळ्यात माझं काम होतं," काकू म्हणाल्या, "आणि मला कुणी ओळखत नव्हतं." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला वाटलं होतं यावर मला त्यांची दया येईल. आला तो राग. जे आपल्याला सलायला हवं होतं तेच दुसऱ्याला करायचं, आणि तेही इतक्या शांतपणे मणी निवडत.

चौथ्या वर्षी काकूंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, वाकायचं नाही, काम करायचं नाही. आणि नेमकं तेव्हाच शेठचं बोलावणं आलं. मीच उल्हासनगरला गेले. कॅम्पातलं ते दुकान म्हणजे एक लांबट बोळ आणि दोन्हीकडे छतापर्यंत लोंबणाऱ्या माळा. शेठ वयस्क, जिभेने गोड, सगळ्या बायकांना भाभी म्हणणारा. त्याने गल्ल्याखालून एक रुमालाची पुरचुंडी काढली. आत सोन्याच्या दोन वाट्या आणि मूठभर सुटे काळे मणी. "भाभी, कुळगाववाली का मंगळसूत्र है," तो म्हणाला. "बोलती है बढ़ गया है. तो थोडा कम कर देना."

आता इथे कुणाही मराठी बाईच्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. मंगळसूत्र तुटलं असं आपण म्हणत नाही. अभद्र वाटतं, म्हणून ते वाढलं म्हणतो. कुळगावची ती बाई शेठला हेच सांगून गेली होती, की माझं मंगळसूत्र वाढलंय. शेठने ते आपल्या हिंदीत घेतलं, बढ़ गया, आणि बढ़लेली वस्तू कमी करायची असते म्हणून वरचं वाक्य स्वतःच्या पदरचं जोडलं. काकूंच्या घरात तर वाढणं हा शब्द मी दिवसातून चारदा ऐकायचे. पण हिंदीतून आला आणि मला ओळखूच आला नाही. खरं सांगायचं तर मी ऐकतच नव्हते. माझ्या हातात पहिलं खरं मंगळसूत्र होतं आणि काकूंच्या डोळ्यावर पट्टी होती. मणी सुटे का, असा प्रश्न पडला, पण शेठनेच उसवून ठेवले असतील असं म्हणून मी तो बाजूला सारला.

काकूंना न सांगता मी ते माझ्या घरी गाठवलं. दोन दिवस लागले. दोरा काकांकडून मागून आणला. एकही फट नाही, एकही गाठ वर आलेली नाही, वाट्यांच्या कडीत दोरा घासू नये म्हणून दुहेरी वेढा दिलेला. आजवर केलेल्या कामात ते उत्तम होतं, हे मी आजही सांगेन. गळ्याच्या बेताने आखूड केलं आणि उरलेले चाळीसेक मणी छान घडी घातलेल्या कागदात बांधून मंगळसूत्राबरोबर शेठच्या हातात दिले.

आठवड्याच्या आत कुळगावची बाई शेठकडून पत्ता काढून गाठकाकूंच्या दारात हजर झाली. मी तिथेच होते. चाळिशीची, धडधाकट, शेतात राबलेल्या हातांची बाई. तिने मण्यांची पुडी जमिनीवर ठेवली, हातात नाही दिली. "मना सांगा," ती म्हणाली, "मंगलसूत्राचं मनी कोन उरवून देतं? माजा मानूस टरकवर हाय. महिना महिना घरी येत नाय. हे मनी मी घरात ठेवू का नदीत टाकू?" ती ओरडत नव्हती. तिचा आवाज थरथरत होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. बढ़ गया म्हणजे काय, हे त्या क्षणी मला कळलं.

काकूंनी हात पुढे केला. तिने मंगळसूत्र दिलं. काकूंनी उघडा डोळाही मिटला आणि नख फिरवलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढी चूक होऊनही माझ्या मनात एकच होतं, की नख कुठे अडत नाहीये. ते खरंच कुठे अडलं नाही. मग काकू म्हणाल्या, "बाई, माझ्या हातून झालं हे. डोळ्याचं असं झालंय बघ. बस, सगळे मणी घालून आत्ता देते."

ती बाई त्या हिरव्या पट्टीकडे बघत राहिली. या बाईने हे केलं असेल यावर तिचा विश्वास बसला नसावा, पण ती बसली. काकांनी तिला पाणी दिलं. काकूंनी मला नुसती मान हलवून खूण केली. मी ते सगळं उसवलं आणि तिच्या डोळ्यांदेखत पहिल्यापासून ओवायला घेतलं. घामाने दोरा काळा पडत होता. काकू प्रत्येक वेढ्यानंतर नख लावायच्या. त्या बाईसमोर त्यांनी मला तीन वेळा "परत" म्हटलं. शेवटी शेवटी ती कुळगावची बाईच म्हणाली, की र्‍हाऊ द्या आता, चांगलं दिसतंय. शेवटचा मणी दोऱ्यात गेल्यावर तिने पुडीचा कागद झटकून बघितला, त्यात काही राहिलं नाही ना याची खात्री केली आणि मंगळसूत्र गळ्यात घालूनच गेली.

ती गेल्यावर मी फुटले. मी म्हटलं, काकू, चार वर्षं काम तुमचं, ते ठीक. निदान चूक तरी माझी म्हणायची होती. तेवढंही मला मिळू नये?

काकू म्हणाल्या, "माझी म्हटली म्हणून ती इथे बसली. तुझी म्हटली असती तर कुळगावभर तुझं नाव झालं असतं. तसलं नाव हवंय का तुला?"

बोलणं बरोबर होतं, म्हणून तर अंगाची जास्तच आग झाली. बरोबर बोलणाऱ्या माणसावर राग काढता येत नाही, तो घरी नेऊन पोळ्यांवर काढावा लागतो.

त्यानंतर काकूंचा डोळा बरा झाला, पण बारीक कामाला पहिल्यासारखा राहिला नाही. संक्रांतीच्या आधी त्यांचं स्वतःचं मंगळसूत्र विरायला आलं होतं. आयुष्यभर त्यांनी ते स्वतःच गाठवलं होतं. त्या वेळी त्यांनी दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातलं, म्हणजे गळा मोकळा राहायला नको, आणि आपलं मंगळसूत्र माझ्यापुढच्या ताटलीत ठेवलं. "कर," असंही म्हणाल्या नाहीत. मी ओवलं, त्यांनी "परत" म्हटलं. असं तीनदा. चौथ्यांदा काही बोलल्या नाहीत.

काकूंच्या मंगळसूत्राला हूक नव्हता. हूक असला की बाई ते काढून ठेवायला शिकते, असं त्यांचं मत होतं, म्हणून ते गळ्यातच बांधायचं असायचं आणि शेवटची गाठ मानेवर मारायची असायची. आजवर ती गाठ काका मारायचे. त्या दिवशी काका बाजारात गेले होते. काकू माझ्याकडे पाठ करून बसल्या, अंबाडा वर धरला आणि मान खाली घातली. मी चारपदरी रेशमाची ती गाठ मारली, सुईने ढकलून मण्याला भिडवली, टोकं उलटी फिरवून तीन-तीन मण्यांतून ओवून घेतली. तिथे त्यांचं नख नीट पोहोचण्यासारखं नव्हतं. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि आमटीला फोडणी घालायला आत गेल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इमारतीतल्या सगळ्या बायका जमल्या. कुणाचं तरी लक्ष गेलं आणि तिने विचारलं, काकू, मंगळसूत्र नव्याने गाठवलंत वाटतं, काय सुरेख बसलंय. मी वाण वाटत होते, हात तिथेच थांबला. काकू म्हणाल्या, "हो, जुनं विरलं होतं." आणि तिळगूळ पुढे केला.

मी ते वाण तसंच खाली ठेवलं आणि घरी निघून आले. दुसऱ्या दिवशी गेले नाही, तिसऱ्या दिवशी गेले नाही. दोन महिने गेले नाही. जिन्यात काकू दिसल्या तर मी चपला शोधत बसायचे. महाशिवरात्रीच्या सुमारास काका एकदा वर आले. शिवमंदिराच्या जत्रेतून आणलेले बत्तासे त्यांनी आमच्या ह्यांच्या हातात दिले. जाताना मला म्हणाले, नवीन रेशीम ताणून ठेवलंय, पंधरा दिवस कुलूप लटकतंय बिचारं, कुणी खाली घेतच नाही. मी म्हटलं, येईन. त्या वेळी मला खरंच जायचं होतं, पण आधी काकूंनी बोलवावं असं वाटत होतं. एवढ्यातेवढ्यावरून आपण माणसाशी किती कोतेपणाने वागतो ते तेव्हा कळत नाही.

काका गेले ते असेच, एका सकाळी, दाढी करताना. आमच्या ह्यांनी डॉक्टरांना आणेपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारपर्यंत तळमजल्याची ती खोली बायकांनी भरून गेली. काकांची थोरली बहीण बदलापूरहून आली होती. उंच, कडक बाई, त्यांच्या घरात त्यांचाच शब्द चालायचा. माणसं काकांना घेऊन गेली आणि मग आत बायकांचं ते सगळं सुरू झालं, जे मला बघायचं नव्हतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. पुढे जायचं धैर्य नव्हतं. दोन महिने ज्या घरात पाय ठेवला नाही तिथे कोणत्या तोंडाने पुढे जाणार.

कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या. काकू एक शब्द बोलत नव्हत्या, रडतही नव्हत्या. कुणीतरी हलकेच म्हणालं, मंगळसूत्र राहू दे, हल्ली कुणी काढत नाहीत. नणंदबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी पुढून मंगळसूत्राला हात घातला आणि ओढलं. ते आलं नाही. दुसऱ्यांदा जोरात हिसडा दिला. काकूंची मान पुढे आली, पण दोरा तसाच. शेजारची एकजण मदतीला सरसावली, दोघींनी मिळून ओढलं. काकूंच्या मानेवर लाल वळ उठला. कुणीतरी म्हणालं, तोडा एकदाचं. नणंदबाईंचा हात भरून आला असावा. त्या वैतागून म्हणाल्या, "कुणी गाठवलंय हे असलं?"

तेव्हा काकूंनी त्या दिवसात पहिल्यांदा तोंड उघडलं. मान तशीच खाली होती. पण आवाज स्वच्छ होता, खोलीच्या शेवटापर्यंत गेला.

"सुमनने," त्या म्हणाल्या. "वरच्या मजल्यावरच्या. दारात उभी आहे ती. हे काम तिचं आहे, ते ओढून यायचं नाही. तुम्ही हात काढा. ती सोडवेल."

वीस-पंचवीस बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. चार वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघितली, ज्याच्यासाठी रुसले, घरी पोळ्या करपवल्या, भल्या माणसाच्या शेवटच्या निरोपाला येईन म्हणून गेले नाही, ते वाक्य भरल्या खोलीत माझ्या नावासकट म्हणून झालं होतं. बायकांनी वाट करून दिली. मी जाऊन काकूंच्या मागे बसले.

ती गाठ सोडवायला मला फार वेळ लागला. उलटी ओवलेली टोकं मण्यामण्यातून मागे काढावी लागली. माझ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, बोटांनीच चाचपत होते. काकू मान वाकवून अशा स्थिर बसल्या होत्या, की माझा हात हलू नये. अख्ख्या जन्मात एवढं एकच काम मी मधे न सोडता, खोट न ठेवता पुरं केलं होतं, आणि त्या गाठीत सुई घालताना मला सारखं वाटत होतं, की त्या दिवशी, आमटीला फोडणी पडायच्या आधी, माझा हात जरा तरी कच्चा पडायला हवा होता.